पहिलं मत अंकुशचं

खोटं बोलायचं ठरवून अंकुश त्या रविवारी घरातून निघाला नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. उलट सानपाड्याहून दिवाळ्याला जायला निघताना तो इतका खुशीत होता, की त्याच्या बायकोने, संघप्रियाने, दारातून ओरडून विचारलं, "अरे, चहा राहिला ना तुझा!" चहा राहिलाच होता. अकरा वर्षांनी 'खाजण'चा नवा अल्बम येणार होता. शुक्रवारी तो जगासाठी बाहेर पडायच्या आधी चाळीस जणांना ऐकायला मिळणार होता, आणि त्या चाळिसांत अंकुशचा नंबर पहिला होता. कंटेनरच्या कंपनीत कागद फायलीला लावण्यात एकोणपन्नास वर्षांचा झालेल्या माणसाला आयुष्यात दुसरीकडे कुठे पहिला नंबर मिळतो?

'खाजण' हा दिवाळ्याच्या कोळीवाड्यातला रॉक बँड. दोन गिटारी, ड्रम आणि पंढरीदादाचा आवाज. सत्त्याण्णव साली चार पोरांनी तो काढला तेव्हा गावातली म्हातारी मंडळी म्हणाली होती, आता खाडीतले मासे पळणार. मासे पळाले नाहीत, गर्दी मात्र वाढत गेली. अंकुश काही दिवाळ्याचा नव्हे. त्याचे वडील गंगाराम परभणीकडून येऊन इथे स्थिरावले, घरात सगळ्या भीमगीतांच्या कॅसेटी. त्यांत अंकुशने 'खाजण'ची पहिली कॅसेट आणून लावली तेव्हा वडील दोन गाणी गप्प बसले आणि म्हणाले, "ओरडतोय लेकाचा. पण खरं ओरडतोय." अंकुशला त्या दिवसापासून दुसरा बँड लागला नाही.

या बँडच्या चाहत्यांचा एक रिवाज होता. त्याला ते कानबैठक म्हणत. अल्बम बाहेर यायच्या आधीच्या रविवारी मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं, मोबाईल दारातल्या टोपलीत टाकायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गाणी तोंडातून शब्द न काढता ऐकायची. मग एकेकाने उठून मत द्यायचं. ज्याने बँडचा कार्यक्रम सगळ्यांत आधी पाहिला, तो आधी बोलणार. आणि मागच्याने पुढच्याचं मत खोडायचं नाही. हा शेवटचा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही. भांडणं टाळायला केला असेल. पण त्याचा परिणाम असा, की पहिला जे बोलेल तेच पुढे चाळीसदा ऐकू येई. शाळेच्या मैदानावरच्या पहिल्या कार्यक्रमाला श्रोते होते सोळा, आणि त्या सोळांतला अजून टिकून राहिलेला एकटा अंकुश होता.

त्या रविवारी गाणी सुरू झाली आणि पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यातच अंकुशच्या कानाने ओळखलं. ड्रम मशीनचे होते. ड्रमर केतन समोरच्या खुर्चीत बसून स्वतःच्या चपलांकडे बघत होता. पंढरीदादाचा आवाज एवढा घासूनपुसून गुळगुळीत केला होता, की तो कुणाचाही असू शकला असता. तिसऱ्या गाण्यात तर सत्तावन्न वर्षांचा पंढरीदादा पाम बीच रोडच्या ट्रॅफिकवर भराभरा रॅप करत होता. अंकुशला इतकी लाज वाटली, जणू घरातलाच कुणी लग्नाच्या वरातीत दारू पिऊन नाचतोय. नऊ गाणी झाली. त्यांतलं सातवं तेवढं बरं होतं.

आणि पंढरीदादा समोर बसला होता. गुडघ्यांवर हात, मान पुढे. तो चाळिसांकडे बघतच नव्हता, तो एकट्या अंकुशकडे बघत होता. सत्तावीस वर्षांत या माणसाने अंकुशला तीनदा नावाने हाक मारली होती, दोनदा खांद्यावर हात ठेवला होता. त्याचा हिशेब अंकुशकडे पक्का होता.

अंकुश उठला. खरं सांगायचं म्हणूनच उठला. तोंड उघडलं आणि आतून भलतंच बाहेर आलं.

"दादा, एवढं वजनदार तुमी कधीच गायला नव्हता."

पंढरीदादाने डोळे मिटले आणि खुर्चीला पाठ टेकली. त्या एका वाक्यासाठी तो अकरा वर्षं बसून होता, हे हॉलमधल्या कुणालाही दिसलं असतं. मग काय, पुढच्या अडतीस जणांनी वजन वाढवत नेलं. नावड्याचा मितेश, जो चाहत्यांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांत मोठ्याने बोलतो आणि ज्याच्या तीन बिल्डिंगी आहेत, तो म्हणाला, "हा अल्बम नाय, ही तोफ हाय." चाळिसावी होती मैत्री. सव्वीस वर्षांची, बेलापूरला लॅबमध्ये कामाला, बँडचा कार्यक्रम तिने पाहिला तो जेमतेम चार वर्षांपूर्वी.

"मला नाही आवडला," ती म्हणाली. "सातवं सोडून. आणि केतनकाका इथे बसलेत, तरी ड्रम मशीनचे का?"

मितेश म्हणाला, "ताई, वरच्याचं खोडायचं नसतं."

"मी कुणाचं खोडत नाहीये. माझं सांगतेय."

पंढरीदादा उठून पाणी प्यायला गेला, आणि बैठक मोडली.

अंकुशचे पुढचे दोन दिवस वाईट गेले. जेवताना, दाढी करताना, ऑफिसात बिलं फायलीला लावताना ते 'वजनदार' त्याच्या डोक्यात बसून राहिलं. पंढरीदादावर त्याचं प्रेम होतं, आणि ज्याच्यावर प्रेम त्याला आपण खड्ड्याकडे ढकलून वर टाळ्या वाजवल्या, असं त्याला वाटत होतं. मंगळवारी दुपारी डबा न उघडताच तो रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसला. गाण्यांवर लोक मतं लिहितात अशा एका पानावर त्याने 'खारट कान' नावाने खातं उघडलं आणि फोनवर, एका बोटाने, लिहीत सुटला.

त्याने सगळं लिहिलं. मशीनच्या ड्रमचं, रॅपचं, घासलेल्या आवाजाचं. शेवटी लिहिलं: 'पंढरीदादा, तुमचा आवाज फाटलाय. फाटू दे. तो शिवून आमच्यासमोर आणू नका. वय लपवू नका, वयाचंच गाणं करा. आणि तुमच्या तोंडावर गोड बोलणाऱ्यांचं ऐकू नका, त्यांत मीही आहे.' सत्तावीस वर्षांत अंकुशने इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. बटण दाबलं तेव्हा त्याला मोकळं वाटलं. त्याने स्वतःचा डबा संपवलाच, शेजारच्या टेबलावरच्या साहेबांची उरलेली चपातीही खाल्ली.

हा मोकळेपणा बुधवारी सकाळपर्यंत टिकला. तोवर ते लिखाण चाहत्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर आलं होतं, दुसऱ्या ग्रुपवर गेलं होतं आणि तिथून परत आलं होतं. आणि एक गोष्ट, जी लिहिण्याच्या भरात अंकुशच्या डोक्यातच आली नव्हती, ती मितेशच्या डोक्यात लगेच आली. अल्बम शुक्रवारी यायचा होता. म्हणजे बँड सोडला तर बुधवारच्या आत तो ऐकलेली माणसं जगात चाळीसच, आणि सगळी त्या हॉलमधली.

"आपल्यातलाच हाय," मितेशने आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "ज्या ताटात जेवला त्यालाच भोक. शोधून काढनार, सोडनार नाय."

दहा वाजता पंढरीदादाचा फोन आला. तो स्वतःहून अंकुशला फोन करण्याची ही पहिलीच वेळ. घाईत अंकुशकडून दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"अंकुश, त्यो खारट कान कोन हाय?"

"माहीत नाही, दादा."

"तू शोध. तू सगल्यांना वलखतंस. मना त्यो मानूस पायजे."

"शोधतो, दादा."

फोन ठेवल्यावर अंकुश सरळ ऑफिसच्या बाथरूममध्ये गेला, कडी लावली आणि 'खारट कान'चं खातं पुसून टाकलं. लिखाण सगळीकडे फिरत होतंच. फक्त ते लिहिणारा उरला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. पंढरीदादाचा आवाज रागाचा होता की कसला, हे नीट आठवून बघण्याएवढंही भान त्याला राहिलं नव्हतं.

संध्याकाळी संघप्रियाने मोबाईलवर ते लिखाण वाचलं आणि चष्मा डोक्यावर सरकवला.

"हे तू लिहिलंयस."

"कशावरून?"

"'वय लपवू नका.' मी केस काळे करायला बसले की मला काय ऐकवतोस?"

अंकुश सोफ्यावर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. संघप्रिया कामगार रुग्णालयात नर्स. तिला रडगाण्यापेक्षा इलाज जवळचा.

"मग सांगून टाक ना त्यांना. चांगलं तर लिहिलंयस."

"सांगितलं तर दादा पुन्हा तोंड बघणार नाहीत माझं."

"आणि नाही सांगितलं तर तू त्यांचं कोणत्या तोंडाने बघणार?"

अंकुश भाजी निवडायला घेतो म्हणाला, आणि मेथीची देठं आणि पानं एकाच टोपात टाकत राहिला.

गुरुवारी ग्रुपने गुन्हेगार ठरवला. ड्रम मशीनचे आहेत, हे हॉलमध्ये कोण बोललं होतं? मैत्री. लिखाणातही तेच. शेवटचं 'त्यांत मीही आहे' हे नुसतं हूल द्यायला, असं मितेशने ठरवून टाकलं. झालं. मितेशने दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लावून फोटो टाकला. मैत्रीने लिहिलं, 'मी नाही लिहिलं. लिहायचं असतं तर नाव घालून लिहिलं असतं.' त्यावर अठरा जणांनी हसण्याचे चेहरे पाठवले. 'हिला काढा' असं एकाने लिहिलं, मग दुसऱ्याने, मग ओळच लागली. काढायचं बटण होतं ग्रुपच्या मुख्याकडे. मुख्य अंकुश.

दुपारी मैत्रीचा फोन आला.

"काका, मी खरंच नाही लिहिलं. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

'काका' ऐकलं की एरवी अंकुशला राग यायचा. आज आला नाही.

"ठेवतो ना."

"मग ग्रुपवर तसं लिहा. तुम्ही लिहिलंत की बाकीचे गप्प बसतील."

"बघतो."

"बघतो म्हणजे?"

"बघतो म्हणजे... जरा शांत होऊ दे सगळं."

तिने फोन ठेवला. ग्रुपवर मितेश दर पाच मिनिटांनी लिहीत होता: अंकुशदादा, कुठे आहात? अंकुशदादा, काय ठरलं? तिची बाजू घ्यावी, तर 'मग कोण?' हा प्रश्न उभा राहणार. तिला काढावं, तर आपल्या पापाचं खापर एका निरपराध पोरीच्या डोक्यावर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. साडेचार वाजता अंकुशने मैत्रीला ग्रुपमधून काढलं. मितेशने रविवारी हॉलमध्ये पुन्हा सगळ्यांना बोलावलं होतं; तोपर्यंतच, असं अंकुशने मनाला सांगितलं. रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगू, मग तिला परत घेऊ. स्वतःला पटवण्यात माणूस कधी कमी पडत नाही. पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, आणि स्वतःची इतकी किळस त्याला आधी कधी आली नव्हती.

शुक्रवारी अल्बम आला. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी डोक्यावर घेतला नाही. लोकांनी एकदा ऐकला आणि जुनी गाणी लावली. यापेक्षा शिव्या बऱ्या.

रविवारी हॉल पुन्हा भरला. बाहेर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, आत पंखे फिरत होते. मितेशने मैत्रीलाही बोलावून घेतलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे ती आली होती. एका कडेला, पर्स मांडीवर घेऊन बसली होती. पंढरीदादा मागच्या रांगेत, पायाशी गिटार. त्याचा चेहरा बघायची अंकुशची छाती झाली नाही.

मितेशने वकिली सुरू केली. ड्रमचं वाक्य, तारीख, वेळ. "आता तायनी सरल माफी मागावी आनि विषय संपवावा."

"जे केलं नाही त्याची माफी कशी मागू?" मैत्री म्हणाली. तिचा आवाज हलत होता, पण मान खाली नव्हती.

अंकुश उठला. आठ दिवस आतल्या आत जो मार तो खात होता, तो आता नको झाला होता.

"तिनं नाही लिहिलं," तो म्हणाला. "मी लिहिलंय. खारट कान मीच."

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले.

"अंकुशदादा!" मितेशने हात जोडले. "मन मोठं हाय तुमचं, मानला. पोरीला वाचवायला स्वतःवर घेताय."

"अरे, खरंच मी लिहिलंय! मंगळवारी, जेवायच्या सुट्टीत."

"बरं, मग खातं दाखवा तुमचं."

"ते मी... पुसलं."

पुन्हा हशा. अंकुश घामाघूम झाला. त्याने लिखाणातली वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. पण ती आता ग्रुपमधल्या सगळ्यांनाच पाठ होती; मितेशने मधेच एक वाक्य पुरं करून दाखवलं. "बायकोला विचारा," अंकुश म्हणाला. "वयनी तुमचीच बाजू घेनार ना," मागून कुणीतरी बोललं. तुम्ही एवढं कडू लिहाल होय? याच हॉलमध्ये 'वजनदार' कोण म्हणालं? सत्तावीस वर्षांत तुम्ही एका गाण्याला तरी नावं ठेवलीत का? प्रश्न प्रेमाने विचारले जात होते, आणि एकाचंही उत्तर त्याच्या बाजूचं नव्हतं. शेवटी कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या हॉलने त्याच्या मोठ्या मनासाठी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या टाळ्यांत अंकुश उभा होता आणि त्याला ओरडावंसं वाटत होतं.

मैत्री मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. तिला पटलं होतं की काय, कोण जाणे. पटलं असलं तर गुरुवारचं ते 'बघतो'ही तिला आठवलं असणार. तिने मान दुसरीकडे वळवली.

"पुरं झालं," पंढरीदादा मागून म्हणाला आणि गिटार घेऊन पुढे आला. "कोनी माफी मागाची नाय. मी त्या मानसाला मारायला शोधत नव्हतो रे. मना त्याला कायतरी आयकवाचं हाय. अकरा वर्सांत येक मानूस माझ्याशी खरा बोलला."

अंकुश मटकन खुर्चीत बसला.

पंढरीदादाने केतनला खूण केली. केतनने मासळीचा रिकामा क्रेट उलटा करून पायांत घेतला आणि त्यावर बोटांनी ताल धरला. मग पंढरीदादा गायला. आवाज फाटका, खालचा, मधेच दम तुटणारा. 'चार पायऱ्यांवर दम लागतंय, पन घर वरच हाय.' एवढंच धृपद. पहिल्या ओळीलाच अंकुशच्या अंगावर काटा आला आणि डोळे भरून आले. सत्त्याण्णव सालच्या मैदानावर जे झालं होतं ते आज पुन्हा होत होतं, आणि ते आपल्यामुळे होत होतं, एवढा आनंद त्याला झाला, की बाकी सगळं तो विसरला. फक्त दुसऱ्या कडव्यात दादा घाई करतोय, हे त्याच्या कानाने टिपलं. तिथे थांबला, श्वास घेतला, तर गाणं आणखी खोल जाईल.

गाणं संपलं. अंकुश पुढे धावलाच.

"दादा, हे... हे फार चांगलं झालंय. खरंच. पहिल्या कॅसेटपासून असं काही—"

"तू तं बोलनारच रे," पंढरीदादा हसून म्हणाला आणि मायेने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुला माझा काय आवडत नाय?"

थाप मारता मारताच त्याची नजर पुढे गेली होती. खुर्ची ओढत तो मैत्रीसमोर जाऊन बसला.

"पोरी, तू सांग."

"मी लिहिलेलं नाही ते," मैत्री म्हणाली.

"नसंल लिवला. त्या दिशी तोंडावर बोललीस ना. आता सांग."

मैत्रीने थोडा विचार केला. "दुसऱ्या कडव्यात तुम्ही घाई करताय. तिथे श्वास घ्या."

"बग!" पंढरीदादाने मांडीवर हात आपटला. "केतन, आयकलास? चल, परत वाजव."

केतन क्रेट घेऊन तिकडे सरकला. बाकीचेही खुर्च्या ओढत तिच्याभोवती गेले. दुसरं कडवं पुन्हा सुरू झालं. दादा बरोबर त्या जागी थांबला, त्याने श्वास घेतला, आणि गाणं खरोखरच खोल गेलं. अंकुश जिथे होता तिथेच उभा होता. कुणी त्याला हाकललं नव्हतं. जाता येता लोक त्याच्या खांद्यावर हातच ठेवत होते.

कार्यक्रम संपत आला तसा मितेश माईक घेऊन त्याच्याकडे आला.

"अंकुशदादा, शेवटी दोन शब्द तुमी बोला दादांवर. तुमच्यासारखं कौतुक आपल्यात कोनाला जमत नाय."

सगळे वळून बघत होते. पंढरीदादाही बघत होता, हसत, पण लक्ष सगळं गिटारीच्या तारांवर. अंकुशने माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि कौतुक करायला सुरुवात केली.